आबांचा फेटा

पंचमीला कौसल्या पणदऱ्याहून माहेरी इंदापूरला आली, ती धाकट्या लेकीला, प्रयागला घेऊन. तिची आई दगडाबाई गेल्या माघात वारली होती. आईविना ही पहिलीच पंचमी.

लहानपणापासून कौसल्येचे हातपाय तिचं ऐकत नसत. अंगात ताकद होती, डोकं तल्लख होतं. पण सूप पाखडायला घेतलं की कोंड्याबरोबर दाणेही मातीत जात, थापता थापता भाकरी मोडे. फुगडीत पायात पाय अडकून ती पडे, जोडीदारणीलाही पाडी. मग तिचा हात कुणी धरीना. माहेरी धांदरट म्हणत, सासरी येंधळी. एक दगडाबाई तेवढी म्हणायची, "माझी कौसा हळूहळू शिकंल." आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि प्रयागच्याही हातातून भांडी निसटू लागली होती.

वडील गेणबा ओट्यावर बोडक्या डोक्यानं बसले होते. बायको गेल्यापासून त्यांनी फेटा घातला नव्हता. दुःखानं सोडला, असंच सारे समजत.

"आबा, सणाला तरी फेटा बांधा की."

"कोण बांधणार? तुझी आय बांधायची."

"म्हंजी?"

"लगीन झाल्यापास्नं. मला न्हाय जमत, पोरी. पीळ द्यायला जावं तर हात भलतीकडंच जातो. कुणी उठायच्या आत ती बांधून द्यायची. कुणाला कळू दिलं न्हाय तिनं."

कौसल्या त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली. "मग मला समदी हसायची तवा बोलला का न्हाय? माझं बी असंच हाय, एवढंच म्हणायचं हुतं, आबा."

"लाज वाटायची," गेणबा हळूच म्हणाले.

तिला राग आला, पण त्याहून जास्त आई आठवली. दोघांनाही पदराखाली घेऊन ती जन्मभर गप्प राहिली होती. एकदा, एकदाच तिच्या मांडीवर डोकं ठेवायला मिळावं, असं कौसल्येला वाटलं.

मग उठून तिनं ट्रंकेतला फेटा काढला. प्रयागनं एक टोक धरलं, कौसल्या गुंडाळू लागली. सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. शेवटी बसला तो एका कानावर कलून. गेणबांनी चाचपून पाहिलं.

"तिचा असा कलायचा न्हाय," म्हणताना त्यांचे डोळे भरले. "पर ऱ्हाऊ दे आता."

संध्याकाळी लिंबाखाली बायकांच्या फुगड्या रंगल्या. प्रयाग लांबच उभी होती.

"चल," कौसल्या म्हणाली.

"मी पडती, आई."

"मी बी पडती. माझं बी तुझ्यावाणीच हाय, आन् आबांचं बी."

प्रयाग तिच्याकडं बघतच राहिली, मग तिनं हात दिले. दोघी सावकाश फिरल्या आणि धपकन पडल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"परत," प्रयाग म्हणाली.

उठताना कौसल्येची नजर सवयीनं कडेला बसलेल्या बायकांत गेली, आई बसायची तिकडं. तिथं शेजारच्या रंगूबाईची सून बाळाला पाजत होती. कौसल्येनं नजर वळवली आणि लेकीचे हात पुन्हा धरले.