किशोरीच्या हळदीची कॅसेट

धर्मराजने कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट टाकलं, व्हीसीआरचं झाकण उचललं आणि आतल्या चकचकीत हेडवरून बोळा हलक्या हाताने फिरवला. पांढरा कापूस काळा होऊन बाहेर आला.

"बघ, किती बुरशी हाय ती," तो म्हणाला.

शांतीला बुरशीचं काही पडलं नव्हतं. ती तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हार्ड डिस्क बाहेर काढली आणि नवऱ्यापुढे आपटली नाही, एवढंच.

"ही तुमची लग्नं जरा धरा. मला भात टाकायचाय."

डिस्कच्या दोन प्रती होत्या. एक कपाटात आणि एक तांदळात. तांदूळ ओल ओढून घेतो असं धर्मराजने कुठेतरी ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलेलं तो सोडत नसे. अठरा वर्षं त्याने पनवेलच्या आसपासच्या गावांत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. आता रोडपालीच्या फ्लॅटमध्ये बसून त्या जुन्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवणं हाच त्याचा उद्योग होता. गाव, नवरीचं नाव, साल अशी प्रत्येक फाइलला व्यवस्थित नावं. लोकांना त्यांची लग्नं परत द्यायची, असं तो सांगायचा. शांतीला खरं कारण माहीत होतं.

त्या प्रत्येक लग्नात त्याची आई होती. गुणाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवले गायल्याशिवाय हळदसुद्धा लागत नसे, आणि गुणाबाईला तर दहा गावांतून बोलावणं यायचं. पडद्यावर ती नवरीशेजारी उभी दिसायची, डोक्यावरून पदर, डोळे मिटलेले, तोंड हलतंय. आणि आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा!

हे धर्मराजनेच केलेलं होतं. शूटिंग झालं की तो मूळ आवाज काढून टाकी आणि वर चालू सिनेमाची गाणी घाली. नवरी बदामाच्या चौकटीत, नवरा गुलाबाच्या. मिक्सिंग करावं तर धर्मराजने, असं लोक म्हणत आणि तो फुशारत असे. मूळ कॅसेट लगेच पुढच्या लग्नाला वापरली जायची. एकदा आईने त्याच्या व्हिडिओच्या दुकानात बसून असंच एक लग्न पाहिलं होतं.

"धर्मा, माझा आवाज कुठं गेला रे?"

"आता तुझा आवाज कोण ऐकतंय, आई?" तो हसत म्हणाला होता.

तीही हसली होती. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण हे वाक्य काही त्याच्या मनातून जाईना. एकशे बेचाळीस कॅसेटी त्याने पाहिल्या. कुठेतरी गाणं संपून दुसरं लागेपर्यंत चार सेकंद तरी ती सापडेल, म्हणून कान लावून पाहिल्या. कुठेच नव्हती. मेला फार सफाईने काम करायचा.

हेड साफ झालं की नाही ते बघायला त्याने खोक्याच्या तळाची शेवटची कॅसेट उचलली. तिच्यावर लाल शाईने, त्याच्याच अक्षरात 'पुसली' असं लिहिलेलं होतं. रिकामी, म्हणून इतके दिवस बाजूला पडली होती. त्याने ती आत ढकलली.

पडद्यावर आधी आडव्या रेघा धावल्या. मग एक अंगण आलं. हिरव्या डहाळ्यांचा मांडव, मागे भाताची खाचरं आणि त्यापलीकडे खाडी. कुत्रं भुंकलं. कोणीतरी ओरडलं, "अरे, खुर्ची आना!" वर गाणं नव्हतंच. आणि मग गुणाबाईने सूर लावला.

शांती सुपातले तांदूळ तसेच घेऊन उभी राहिली. धर्मराजच्या हातातला काळा बोळा खाली पडला. तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि शांतीने त्याला रडू दिलं.

नवरी कोण ते त्याला लगेच आठवलं. उलव्याकडची किशोरी. हळद लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मुलगा दीपेश दुसऱ्याच मुलीला घेऊन निघून गेल्याचं कळलं. चार दिवसांनी किशोरीचे वडील आनंदा दुकानात आले होते. "ती कॅसेट पुसून टाक. माझी पोर परत कोणाला दिसाया नको." धर्मराजने त्यांच्यासमोरच लाल पेनाने 'पुसली' लिहिलं आणि दाखवलं. संध्याकाळी पुसू, असं मनाशी म्हणाला. संध्याकाळी दुसरं काम आलं, आणि लग्नच मोडल्यामुळे वर गाणी घालायचीही राहिली.

"ठेवा की गुपचूप," शांती म्हणाली. "आनंदाभाऊ तर गेले. कोणाला कळतंय?"

"पोर हाय ना त्यांची."

"आणि ती पूस म्हणाली तर?"

दुपारभर धर्मराजने तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला. सकाळी ती कॅसेट आणि ती उतरवलेला लॅपटॉप पिशवीत घालून तो रिक्षाने बेलपाड्याला गेला.

किशोरी आता पन्नाशीची होती. ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. समोर उंच इमारतींची रांग होती आणि मध्ये हे एक जुनं बैठं घर.

"धर्मादादा! अगो बाय, किती वर्षांनी!"

तो पाणी प्यायला, आणि हिंमत आहे तोवर त्याने सगळं सांगून टाकलं. किशोरीचा हात परातीत थांबला.

"बाबा तर म्हनाले, पुसली."

"मी खोटं बोललो त्यांच्याशी. आळस केला आणि विसरलो. आता तू सांगशील ते. नको म्हनालीस तर इथंच, तुझ्यासमोर पुसतो. पन त्यात माझी आई गाते, किशोरी. दुसरीकडं कुठंच नाय ती."

तिने ओले हात पदराला पुसले.

"लाव," ती म्हणाली.

अंगण आलं तशी ती पुढे सरकली. पडद्यावरचं ते माहेरचं घर, ती खाचरं, सगळं आता विमानतळाच्या भिंतीआड गेलेलं. आनंदा हळदीचं ताट घेऊन उगाच इकडून तिकडे धावत होते. "बाबा बघ कसे हसतात," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. गुणाबाई गात होती. किशोरीबाय नवरी झाली, आणि त्याच ओळीत, त्याच चढत्या सुरात, नवऱ्याचं, दीपेशचं, नावही आलं.

धर्मराजने घाईने थांबवलं.

"हे नाव मी काढतो. तुझं पन काढतो, चित्र पन काढतो. मला फक्त आवाज दे."

"माझं लग्न नंतर पनवेलला कचेरीत झालं," किशोरी म्हणाली. "दोन सह्या केल्या, पेढे वाटले. मानूस चांगला मिळाला, माझी काय तक्रार नाय. पन धवला कोनी गायला नाय. हा एवढाच." मग ती म्हणाली, "काप बघू त्याचं नाव."

त्याने कापलं. हे त्याला चांगलं येत होतं. पुन्हा लावलं, तर आईचा सूर चढता चढता ठेचकाळला, तिला मध्येच कोणी गप्प केल्यासारखा. त्याने जरा अलीकडे कापून पाहिलं, पलीकडे कापून पाहिलं. प्रत्येक वेळी ती तिथेच तुटत होती.

किशोरीने चार वाल सोलले. पाचवा नुसताच हातात धरला.

"राहू दे ते नाव."

"अगं, पन त्याचं नाव तू…"

"त्याचं काय त्यात? गुनाकाकूंनी एका दमात म्हटलंय. माझ्यासाठी म्हटलंय." तिने डोळे पुसले आणि परात बाजूला ठेवली. "ह्यांना मी सांगीन. तू दोन प्रती कर, एक मला दे. आनि धर्मादादा…"

"काय?"

"यावर गानं नको घालू."

धर्मराजने मान डोलावली. त्याने कापलेलं नाव जागेवर आणून जोडलं आणि आईला पहिल्यापासून लावलं.