जिनपाल अण्णांचं वाहनदान

चातुर्मासातलं प्रवचन ऐकता ऐकता जिनपाल अण्णांना भरून आलं. वस्तू माणसाला सांभाळत नाहीत, माणूसच जन्मभर वस्तूंची राखण करत बसतो, असं महाराज सांगत होते. अण्णा ताडकन उठले आणि भर सभेत हात जोडून म्हणाले, "महाराज, हितनं पुढं माझ्या नावावर एकच वाहन ठेवीन."

सभेनं जयजयकार केला. बायकांच्या बाजूला बसलेल्या सीताबाईंनी मात्र नवऱ्याकडं नीट निरखून बघितलं. लक्ष्मीपुरीत उभा जन्म धान्याची पेढी चालवलेला माणूस हातातलं काही असं सहजासहजी सोडत नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि तसंच होतं. अण्णांच्या नावावर वाहनं दोन. एक स्कूटर, ती रोजच्या वापरातली. दुसरी निळी मोटार, ती वर्षभर दारातल्या चाफ्याखाली उभी. तिचं इंजिनचं काम निघालं होतं. चालू केली की आधी कण्हायची, मग खोकायची, मग गल्लीभर धूर करायची, आणि पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायची. पेढी मुलाच्या, अनेकांतच्या हाती दिल्यापासून अण्णांना तिची गरजही उरली नव्हती. म्हणजे व्रत तसं सोयीचंच होतं.

"भाकड म्हैस दान करून पुण्य लागत न्हाय," जेवायला वाढताना सीताबाई म्हणाल्या.

"भाकड कशानं? इंजिन दुरुस्त होतंय की. घेणारा घेईल करून."

"मग घेणाऱ्याला आधी तसं सांगा. व्रतात लबाडी नको."

तिथंच सगळं अडलं. खरं सांगून मोटार द्यायची म्हणजे कठीण काम. अण्णांनी आधी दूधवाल्या हंबीररावांना विचारलं. गाडी फुकट, पण इंजिन गेलेलं, असं स्वच्छ सांगितलं. हंबीररावांनी बॉनेट उघडून आत बघितलं, बॉनेट मिटलं आणि हळूच विचारलं, "अण्णा, माझं काय चुकलं काय?"

मग हुपरीला सीताबाईंच्या भावाला फोन केला. त्याचा पैंजणांचा कारखाना, घरात माणसं बक्कळ, त्याला गाडी उपयोगी पडली असती. तो म्हणाला, "दाजी, तुमी दिलेलं मी न्हाय कसं म्हणू? तेवढं इंजिन करून पाठवा." शेवटी अण्णा पांजरपोळात गेले. तिथल्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्यात म्हातारी जनावरं सांभाळत्यात," तो म्हणाला, "पण ती चारा खाणारी. ऑइल पिणारी आमाला न्हाय झेपायची."

व्रत घेतल्याचं गावभर झालं होतं. भेटेल तो विचारायचा, "अण्णा, सुटली का गाडी?" अण्णांची झोप उडाली. आणि एका दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या त्यांना वाट दिसली. ते तसेच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अगं, ती मोटार मी तुला दान केली."

सीताबाई कणीक मळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "मनापासनं?"

"अगदी मनापासनं."

"परत माझी गाडी म्हणायचं न्हाय."

"कशाला म्हणतोय?"

एजंट गाठून अण्णांनी गाडी बायकोच्या नावावर करून टाकली. व्रत पाळलं गेलं, आणि मोटार चाफ्याखालनं तसूभरही हलली नाही. अण्णा खूश. महाराजांच्या दर्शनाला गेले तेव्हा त्यांची मान जरा ताठच होती.

पुढच्याच आठवड्यात सकाळी उद्यमनगरचा गुंडू मिस्त्री टेम्पो आणि दोरखंड घेऊन दारात उभा राहिला.

"कुणी बोलावलं तुला?" अण्णांनी विचारलं.

"मालकीणबाईंनी."

सीताबाईंची भिशी नुकतीच लागली होती. त्या पदर खोचून ओट्यावर उभ्या होत्या आणि दोर कुठं बांधायचा ते गुंडूला दाखवत होत्या. अण्णांना राहवेना. सवयीनं ते म्हणाले, "गुंडू, नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदल. बाकीच्याला हात लावू नको."

गुंडूनं डोकं खाजवलं. "थांबा, त्यास्नी विचारतो," म्हणाला आणि खरोखरच विचारायला गेला. सीताबाईंनी सगळं इंजिन खोलायला सांगितलं.

मोटार परत आली तेव्हा चालू आहे का बंद, हे कळायला कान लावावा लागत होता. धूर नाही, कण्हणं नाही. अण्णांचा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला.

"अवो," मागनं आवाज आला, "दिलेल्या वस्तूचा मोह बरा न्हवं."

"नुसता बसून बघतोय."

"मग महाराजांना विचारून या. चालतंय म्हणाले तर बसा."

अण्णा काही विचारायला गेले नाहीत.

मग सून आदिती सासूला शेंडा पार्ककडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवायला घेऊन जाऊ लागली. अण्णा गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. इतकी वर्षं त्यांनी सीताबाईंना चाकाला हात लावू दिला नव्हता. तुला काय कळतंय गाडीतलं, एवढ्यावर विषय मिटायचा. एका संध्याकाळी फाटकातनं आत येताना मोटारीनं खांबाचा रंग आपल्या कुशीवर ओढून घेतला. अण्णांच्या काळजावरच ओरखडा उठला. 'माझी गाडी' हे शब्द पार ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

दिवाळी सरली, सीताबाईंचं लायसन आलं. मग काय, त्या आणि तीन मैत्रिणी, कधी बाहुबलीच्या डोंगरावर, कधी पन्हाळ्याला. घरात आल्यावर वळणावळणाच्या गप्पा. पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरवर काढला म्हणाल्या. अण्णांना ते खोटं वाटलं, पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोलायचं कसं?

एका सकाळी अण्णा भाजीची पिशवी घेऊन रंकाळ्याकडं चालत निघाले होते. निळी मोटार त्यांच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"पावणं, कुठं निघालासा?"

मागं बसलेल्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "रंकाळ्यावर. पण माझं व्रत हाय."

"व्रत मालकीचं हाय. पावण्याला बसवून न्यायला कोण अडवतंय? बसा."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. मग मागचं दार उघडून, पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसले. गाडी सुटली. पहिल्या चौकात ते "गिअर" एवढं म्हणाले आणि सीताबाईंनी आरशातनं बघितल्यावर गप्प झाले. गिअर बरोबर पडला होता.

रंकाळा आला. काठावर ऊन पसरलं होतं, पाण्यावर पांढरे पक्षी बसले होते, आणि पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा दिसत होता. गाडी चालवताना अण्णांची नजर कायम रस्त्यावर असायची. मोटारीतनं रंकाळा असा दिसतो, हे त्यांना आज कळलं.

"उतरायचं न्हवं?" सीताबाईंनी विचारलं.

"अजून एक फेरी मारा की," अण्णा म्हणाले.