घासते की घासतो

ओळीबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं त्या स्टुडिओत कुणी उरलंच नव्हतं. परभाषेतल्या जाहिराती मराठीत आणायच्या, पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडेल-मिटेल तेवढ्याच मापाची ओळ बेतायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. म्हणून ओळीबाई. त्यांच्या ओळीत चूक काढायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी मात्र स्टुडिओत अशी खसखस पिकली की विचारू नका.

जाहिरात होती भांड्यांच्या साबणाची. कंपनीनं चित्रफीत पाठवलीच नाही, नुसता कागद पाठवला. दोन माणसं, दोन वाक्यं. मूळ भाषेत क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत तशी सोय नाही, माणूस ‘मी करते’ म्हणाला की संपलं! ओळीबाईंनी डोळे झाकून लिहिलं, ‘भांडी मी घासते, तू नीघ.’ आणि दुसऱ्याच्या तोंडी, ‘पुलावर खोळंबलेत सगळे, येतो गं.’ मुळात शब्द जाण्याचा होता, पण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, एवढं भान त्यांनी ठेवलं होतं.

आवाज भरायच्या वेळी चित्रफीत आली. बघतात तर काय! चांगला झुपकेदार मिशांचा गडी कोपरापर्यंत फेसात, आणि हेल्मेट चढवून दाराबाहेर पडतेय ती त्याची बायको.

“ओळीबाई,” ध्वनिमुद्रक काचेपलीकडून म्हणाला. त्याला सगळे कानसेन म्हणत. “या मिशांतून ‘घासते’ कसं काढू?”

“हसा, हसा मेल्यांनो,” ओळीबाई म्हणाल्या, पण त्यांचे कान तापले होते. त्यांनी ‘घासते’चं ‘घासतो’ केलं, ‘येतो गं’चं ‘येते रे’. काम मिनिटाचं होतं. मनाला मात्र लागलं.

त्या चिडक्या मनानंच त्यांनी चित्रफितीसोबत नव्यानं आलेली शेवटची ओळ वाचली. ‘आज बायकोला सुट्टी!’ साबणवाल्या साहेबांची ही लाडकी ओळ, आणि साहेब स्वतः तिथंच बसलेले.

“सुट्टी कसली, साहेब?” त्या कडाडल्या. “म्हणजे काम तिचंच, यानं आजच्यापुरते उपकार केले! एकीकडून म्हणता जा, पूल बांध. दुसरीकडून भांडी तिच्याच गळ्यात. बाईनं ऐकायचं तरी कुठलं?”

साहेब गडबडले, “बघू, बघू,” म्हणाले. ओळीबाईंना मात्र एकदम सकाळ आठवली. सकाळी फोनवर त्या स्वतः काय बोलल्या होत्या?

त्यांची लेक पुलांचीच इंजिनिअर. लांबच्या एका मोठ्या पुलावर तिला दोन वर्षांसाठी प्रमुख म्हणून बोलावलं होतं, पाच वाजेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पोरगी हरखून सांगत होती आणि या म्हणाल्या, “जा की. पण जावयांच्या जेवणखाणाचं काय? संसार वाऱ्यावर सोडणार का?” “बरं, ‘नाही’ म्हणून कळवते,” लेक म्हणाली. लहानपणापासून तिला शीक, मोठी हो, कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस म्हणून घोकवणारी आईसुद्धा त्याच!

साडेचार होऊन गेले होते. ओळीबाई बाहेरच्या जिन्यात आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. जावयांनी उचलला.

“आई, एक मिनिट हं, हात फेसानं भरलेत.”

“तुम्ही भांडी घासताय?”

“रोजच घासतो. स्वयंपाकही माझ्याकडेच असतो, लग्नापासून. तुम्ही आलात की ती हातातलं काढून घेते. आईला चालायचं नाही म्हणते.”

चार वर्षं ओळीबाई लेकीच्या घरी जाऊन आयतं जेवत होत्या, आणि त्यांना पत्ता नव्हता. शरमेनं जीव नुसता अर्धा झाला.

“तिला द्या फोन. लवकर.”

“आई, नकार लिहून झालाय,” लेक कोरड्या आवाजात म्हणाली. “पाठवतेच आहे.”

“थांब! सकाळी मी चुकीचं बोलले. माझं चुकलं, बाळा.”

“सकाळी एक, आता एक!” लेकीचा आवाज एकदम फुटला. “मी तुझं ऐकायचं तरी कुठलं?”

मघाशी साहेबांवर फेकलेलं वाक्य जसंच्या तसं अंगावर आलं. ओळीबाई म्हणाल्या, “लहानपणापासून सांगितलं ते ऐक. आज सकाळचं नको. ते मी तुमचं घर न बघताच बोलले.”

पलीकडे नळाचा आवाज थांबला. कुणीतरी हळूच नाक ओढलं.

“खोडलं,” लेक म्हणाली. “हो लिहिलं. पाठवलंसुद्धा. जाते मग मी, आई.”

“जाते काय म्हणतेस, शहाणे?” ओळीबाईंनी पदरानं डोळे पुसले. “येते म्हण.”

“येते,” लेक म्हणाली.