भाचीच्या मुक्या मशीनला वाचा

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण करणारा मीच, म्हणून नाइलाज झाला. आमची ही समोर वाटाणे सोलत बसलीय ना, ती त्या दिवशी तिथेच होती. मी तसूभर इकडेतिकडे सरकलो तर ती गप्प बसायची नाही, म्हणून आज अगदी जपून सांगतो.

तर माझी भाची. बापाच्या शिंपीकामात लहानाची मोठी झालेली. तिनं चांगली नोकरी सोडली, भंगारातून एक जुनं भरतकामाचं मशीन उचललं आणि त्याचा बिघडलेला मेंदू काढून तिथे तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवला. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती वायरीतून बोर्डाला सांगायची आणि बोर्डानं सुई नाचवायची, असा बेत. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या दुपारी येऊन नमुन्याचा बिल्ला बघणार होत्या. पसंत पडला तर अख्ख्या शाळेचं काम भाचीकडे. नाही तर शटर खाली ओढून पोरगी पुन्हा नोकरी शोधायला मोकळी.

आम्ही दोघं सहज डोकावलो, तर मशीन ढिम्म. कॉम्प्युटर घसा फोडून सांगतोय आणि बोर्डाच्या कानावर काही जाईना. भाचीनं केबल बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सिरीयल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं बोलायचं ते दार, बरोबर निवडलाय ना, तेही बघून झालं. सगळं जागच्या जागी.

"मामा, आता बाईंना काय तोंड दाखवू?"

"तोंड राहू दे, आधी वायरी दाखव."

वायरी बघितल्या आणि मला हसूच फुटलं. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या जोडणीवर दोन खुणा असतात, एक बोलायची आणि एक ऐकायची. बोर्डावरही तशाच दोन. पण शिंप्याची लेक ती! बाहीची खूण खांद्याच्या खुणेला भिडवायची हे हाडात मुरलेलं. तिनं बोलायची खूण बोलायच्या खुणेला जोडली, ऐकायची ऐकायच्या. म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांना चिकटलेली आणि दोघांचे कान एकमेकांना लागून ताटकळत बसलेले.

"अगं, हा कोट नाही, संसार आहे," मी म्हणालो. "एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. वायरी उलट कर."

"आणि आपल्या घरी ऐकतं कोण?" इति आमची ही.

वायरी उलट केल्या आणि मशीनला वाचा फुटली. पण काय ती वाचा! स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं आणि रिकामे चौकोन. सुई अंगात आल्यासारखी. बिल्ल्यावर शाळेच्या चिन्हातला दिवा यायचा, तर आधी खेकडा उमटला. मग खेकड्याच्या हातात छत्री. बिल्ला अपुरा पडला तेव्हा सुई टेबलक्लॉथवर घसरली, तिथून पडद्यावर, पडद्यावरून उशीच्या अभ्र्यावर. एक मांजर बिचारं दारातून चाललं होतं, त्याच्या शेपटीवर वेलबुट्टी! ते अजून गल्लीत शेपूट वर करून मिरवतंय.

भाची रडकुंडीला आली. मी शांत. वाकलो, वायर दाताखाली धरली आणि डोळे मिटले. दातांना सगळं कळतं. कॉम्प्युटर आपला पेन्शनीतल्या माणसासारखा एकेक अक्षर चघळत बोलत होता, आणि बोर्डाचं बोलणं-ऐकणं आमच्या हिच्या वेगानं. मग एकाचं दुसऱ्याला काय कप्पाळ कळणार? मी ओरडलो, "पोरी, दोघांचा वेग एक कर!"

तिनं स्क्रीनवर बोर्डाचाच वेग निवडला, आणि सुई अशी शहाण्यासारखी चालायला लागली म्हणून सांगू! दिवा आला, ज्योत आली, खाली शाळेचं नाव, काना-मात्रेसकट.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. मुख्याध्यापिका! मी कॉलर ताठ केली, ताडताड चालत दारापर्यंत गेलो, बाईंना मानानं आत आणलं आणि मशीनला म्हणालो, "बाळ, बाईंना ओळख दाखव." तर मशीननं सुई वाकवून...

"दारापर्यंत गेलात?" हिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, तुम्ही मशीनला शिवलेले होतात! वायर बघायला वाकलात आणि शर्टाचं टोक गेलं बिल्ल्याबरोबर सुईखाली. बाई आत आल्या तेव्हा 'सोडवा, सोडवा' ओरडत होतात, मी कात्रीनं मोकळं केलं तुम्हाला. वेगाचं पोरीनं तिचं तिनंच शोधलं. आणि विश्वास नसेल कुणाचा, तर जा शाळेत, बाईंच्या खोलीत तो पहिला बिल्ला लावलाय. उलटा करून बघा. मागे यांच्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा आहे अजून, बटणासकट!"