भिंतीला टाचे

बाबा निवृत्त मुख्याध्यापक असल्याने आमच्या घरात चुका फक्त इतरांकडून होतात. बावीस वर्षांपूर्वी परभणीत हे घर बांधलं, तेव्हा बाथरूमच्या टाइल्स त्यांनी ‘स्वतः उभं राहून’ बसवून घेतल्या होत्या. त्या काढण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आईचा होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती नांदेडला मावशीकडे होती. बाथरूमच्या भिंतीत आधाराला पक्कं हँडल हवं, पुन्हा पडली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू, त्यावर हँडल ठोकू,” बाबांनी जाहीर केलं. “दोन थर म्हणजे दुप्पट मजबूत.”

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे, घरात हे कुणी मनावर घेत नाही. मी स्टीलचा चमचा घेऊन एकेक टाइल वाजवली. आवाज पोकळ आला की खडूने फुली. एकशे अठ्ठावीसपैकी त्र्याण्णव फुल्या झाल्या.

“चमच्याने भिंती तपासतात का कुठे, मैत्रेयी?”

“मागे हवा आहे, बाबा. हँडल हवेत ठोकायचं का?”

“मी टाचे मारून घेतले होते. संबंध भिंतीला.”

टाचे म्हणजे प्लास्टरला छिन्नीने पाडलेल्या खाचा. त्यांत सिमेंट शिरतं आणि टाइल धरून बसते. साक्षीसाठी बाबांनी त्या वेळचाच मिस्त्री बोलावला, झरीचा चंद्रभान. त्याने फुल्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग छताकडे.

“सर, एक काढून बघू का?”

“बघ खुशाल.”

छिन्नीचा एकच हलका ठोका. टाइल अख्खी हातात आली. इतक्या आज्ञाधारकपणे बाबांच्या शाळेतली पोरंही कधी वागली नसतील. मागे सिमेंटचे पाच गोळे, बाकी पांढराशुभ्र चुना. शेजारच्या तीन काढल्यावर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं आणि खाली बाबांच्या वळणदार अक्षरात वास्तुशांतीची तारीख. उत्साहाच्या भरात त्यांनी एकही खोली सोडली नव्हती. टाचा मात्र एकही नव्हता.

“चंद्रभान, हे काय?”

“सर, तुमीच म्हनले, पाव्हणे यायलेत, चुना मारून घे. मंग म्हनले, स्वस्तिकाला छिन्नी लावू नको, वरूनच लाव फरशी. मी म्हनलं बी, धरायची न्हाई.”

“बावीस वर्षं टिकली की!”

“टिकली ना सर. पर तिला धरून कोनी उभं ऱ्हायलं न्हाई.”

बाबांनी हात जोडले, ओल्या फडक्याने स्वस्तिक स्वतः पुसलं आणि मला म्हणाले, “आईला सांग, पंधरा दिवसांनी ये. कारण विचारलं तर फोन माझ्याकडे दे.”

सगळ्या टाइल्स निघाल्या. चुना खरवडला, सुटं प्लास्टर पाडलं, तारेच्या ब्रशने भिंत धुतली. नवं प्लास्टर ओळंबा लावून झालं, ओलं असतानाच त्यावर टाचे पडले. बाबा खुर्ची टाकून ते मोजत होते. पुढे आठवडाभर शाळेची घंटा असल्यासारखे ठरल्या वेळी ते भिंतीवर पाणी मारायचे. नव्या टाइल्स लागल्यावर मी पुन्हा चमचा फिरवला. पोकळ : शून्य.

दोन दिवसांनी हँडल बसलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि गुडघे दुमडले. ब्याऐंशी किलो.

“सर, सुटलं तर?” चंद्रभान दचकला.

“सुटायचंच असेल तर ती यायच्या आधी सुटू दे.”

नाही सुटलं. संध्याकाळी ते फोनवर आईला सांगत होते, “स्वतः उभं राहून करून घेतलंय.” लोंबकळल्याचं त्यांनी सांगितलं नाही.