वाक्यात उपयोग

तोतारामआबांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि तेवढ्यात त्यांची नजर बायोडाट्यावर गेली.

"स्वभावापुढं हे काय लिहिलंय? पेन्सिव्ह?"

धुळ्याहून आलेली सगळी मंडळी नूतनकडे बघू लागली. नवरामुलगा हितेंद्र चटपटीत. त्याने लगेच मोबाइलमध्ये अर्थ शोधला.

"विचारात गढलेली. आणि उदास."

"उदास?" आबांचा अडकित्ता उघडाच राहिला. ते हितेंद्रचे मोठे काका, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. "पोरीले काही दुखनं शे का?"

नूतनचे वडील कौतिकभाऊ घाईघाईने हसले. "छे हो! मनमिळाऊ लिहायचं होतं."

सतरा वेळा सांगूनही पोरीने ते लिहिले नव्हते. अमळनेरच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, ती कशाला बापाचे ऐकते!

"मनमिळाऊ तर सगळ्याच लिहितात," नूतन म्हणाली. "शब्द बरोबर आहे. गप्प बसलेली बाई लोकांना उदासच वाटते. मी उदास नाही. विचार करते."

"मग वाक्यात उपयोग करून दाखवा, मॅडम," हितेंद्र गमतीने म्हणाला.

"सुपारी फुटायची वेळ आली तरी नूतन पेन्सिव्ह आहे." तिने आबांकडे पाहिले. "आज फोडू नका. मी विचार करून सांगते."

पसंती झाली की त्याच बैठकीत सुपारी फुटायची, ही इकडची रीत. ती न फोडता पाहुणे उठले, की दुसऱ्या दिवशी गल्लीला मुलीतच खोट सापडते. कौतिकभाऊंनी आबांपुढे हात जोडले. भीती नूतनलाही वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण मान तिने खाली घातली नाही.

"उठा रे बठ्ठा," आबा म्हणाले. "इचार करनारी पोर आमले नको."

मंडळी उठली. हितेंद्रची आई कुंदाबाई तेवढी उठली नाही. लग्न होऊन तीस वर्षे झाली, आबांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. पदर तिने आताही डोक्यावर नीट ओढून घेतला.

"मन्हा लगीनमा माले कोनी इचारंच नव्हतं," आबांकडे न बघता ती म्हणाली. मग नूतनकडे वळली. "कितला दिन लागतीन तुले?"

"आठ."

"पंधरा ले."