तिवाठ्यावरचा दहीभात

हर्सूलच्या अंगाला रस्ता रुंद झाला, तेव्हा त्याच्या कडेनं एक हिरवा पट्टा रंगवला गेला. हिरवा म्हणजे कोवळ्या मेथीसारखा. त्यावर पांढऱ्या रंगात सायकल काढलेली, नि रस्त्याच्या बाजूनं प्लॅस्टिकचे नारंगी खांब, मांडवाला डहाळ्या उभ्या कराव्यात तसे. हा पट्टा सायकलवाल्यांचा, असं सांगितलं गेलं. पण रिकामी जागा आपल्याकडं कुणाला बघवत नाही. आधी पाणीपुरीचा गाडा आला, मग रसवंतीची बाकडी, मग ज्यांच्या दारापुढं पट्टा होता त्यांच्या चारचाकी. आणि दिवेलागणीला, शहराला भूक लागली, की घरोघर जेवण पोचवणारी पोरं मोटरसायकली घेऊन त्यातून अशी उलटी सुटायची, की जमिनीवर रंगवलेली सायकलसुद्धा अंग चोरून घेत असावी.

त्याच पट्ट्यावरून राजनंदिनी कामाला जायची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची नोकरी. सायकल आकाशी रंगाची, स्वतःच्या पगारातून घेतलेली. घरात ती सून असायची, लॅबमध्ये मॅडम. मधल्या वाटेवर मात्र ती कुणाचीच कुणी नसायची. पायडल मारताना तिच्या तोंडावर जे ऊन पडायचं ते घरातल्या उन्हापेक्षा वेगळं असायचं.

हे फक्त तिच्या सासूनं, यमुनाबाईनं, पाहिलं होतं. यमुनाबाई वेरूळच्या पलीकडच्या गावची. तिच्या काळी बाईनं सायकलीला नुसता हात लावला तरी सगळं गाव सांगायला घरी यायचं. लेकाची नोकरी शहरात, म्हणून ती इथं आली. जातं गावी राहिलं, ओव्या तेवढ्या संगं आल्या. सकाळी ओट्यावर लसूण सोलत बसायची आणि सून वळणाआड होईस्तोवर गुणगुणायची:

हिरवा हिरवा पट्टा, सून चालली कामाला
वाऱ्या, जपून वाहा रे, तिच्या ओढणीच्या शेवाला

वारा जपून वाहायचा. जेवण पोचवणारे नाही. दारापुढं यमुनाबाईच्या लेकाची, बद्रीनाथची, पांढरी गाडी पट्ट्यातच उभी असे. संध्याकाळी घरी येताना राजनंदिनी तिला वळसा घालू लागली, की समोरून कुणाची तरी मोटरसायकल. एकदा कोपर सोलवटलं. दुसऱ्यांदा गुडघा. दुसऱ्या खेपेला बद्रीनाथनं हळद लावता लावता हुकूम सोडला.

"आता पुन्हा पडलीस, की सायकल भंगारात. मग बोलायचं नाय."

"पाडतंय कोण आणि भंगारात जातंय कोण!" राजनंदिनी म्हणाली.

"शब्द म्हणजे शब्द."

बद्रीनाथ वाईट नव्हता, भेदरट होता. आणि भेदरट माणूस हुकूम फार सोडतो. रात्री राजनंदिनीनं सायकल आतल्या खोलीत आणून पुसली, सासरी धाडायच्या लेकीला न्हाऊ घालावं तशी. ते यमुनाबाईला बघवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पदर खोचून तिवाठ्यावर जाऊन उभी राहिली. घरापासून चार घरं पुढं तीन रस्ते मिळतात, तिथूनच ही पोरं पट्ट्यात शिरायची. पहिला सापडला तो गोकुळ. कन्नडकडचं पोरगं, अंगानं काडी, पाठीवर कपाटाएवढी पिशवी.

"कुठं चालला रे उलटा?"

"मावशी, सरका. दालखिचडी गार व्हायलीय."

"गार झाली तर पुन्हा तापवता येती. माझी सून मोडली तर कुठं तापवू?"

"रोडला बघा की किती जाम हाय. उशीर झाला तर गिऱ्हाईक मोबाईलवर तारे कापतं."

"तारे? ते तर देवाचे असतात."

"ते जुनं झालं. आता गिऱ्हाईकाचे," म्हणत गोकुळ तिला वळसा घालून गेलासुद्धा. मागोमाग त्याचा जोडीदार सांडू, "माफ करा मावशी, बिर्याणी हाय!" असं ओरडत. यमुनाबाई घरी आली ती नवी ओवी घेऊनच:

गाडीवाल्या दादा, तुझी बिर्याणी गरम
सुनेला देतो धक्का, कशी वाटंना शरम

पण ओवीनं मोटरसायकल थांबत नाही. मग मोटरसायकल थांबते कशानं? रात्रभर तिनं विचार केला. सिग्नलला ही पोरं थांबत नाहीत, शिट्टीला थांबत नाहीत. कन्नडचं असो की पैठणचं, आईच्या पोटी जन्मलेलं पोर ज्याला बघून जागच्या जागी थांबतं, अशी एकच वस्तू तिला ठाऊक होती.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी तिनं पत्रावळीवर दहीभाताचा मुटका ठेवला. त्यावर हळदकुंकू. बाजूला कापलेलं लिंबू, एक बिब्बा, आणि जुन्या ब्लाऊजच्या काळ्या अस्तराची बाहुली, टाचण्या टोचलेली. सगळं नेऊन तिवाठ्यावर, पट्ट्याच्या अगदी तोंडाशी मांडलं आणि मागं न बघता घरी आली. मागं बघायला हरकत नव्हती, कारण तिनं कुणावरून काही उतरवलंच नव्हतं. पण रीत ती रीत.

गोकुळनं एवढ्या जोरात ब्रेक दाबला, की सांडू येऊन त्याच्या पिशवीवर आदळला.

"काय झालं रे?"

"उतारा हाय!"

"खरा?"

"बाहुली हाय लेका. टाचण्या हायेत."

"मग बघतो काय, मेन रोडनं चल!"

गेले की! त्यांच्या मागचे गेले, त्यांच्याही मागचे गेले. यमुनाबाई ओट्यावर बसून पदराआड हसली. राजनंदिनी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकानं यायची आणि तिवाठ्याच्या अलीकडंच घरात शिरायची, त्यामुळं तिला याचा पत्ता नव्हता. "आत्याबाई, आजकाल पोरं शहाणी झालीत," एवढंच ती म्हणाली.

यमुनाबाई रोज मूठभर तांदूळ जास्त टाकू लागली. तिवाठ्यापलीकडं वैजनाथ गुरुजी राहायचे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं; आता डोक्यावर हेल्मेट घालून सायकलीवर फिरायचे. एके दिवशी तेही उताऱ्यापाशी उतरले आणि सायकल उचलून लांबून घेऊन गेले.

"गुरुजी, तुमीसुद्दा?"

"माझा अजिबात विश्वास नाही, यमुनाबाई," गुरुजी म्हणाले. "पण टायर नवीन आहे."

तिला लई हसू आलं. खरं तर तिथंच सावध व्हायला हवं होतं. जे मोटरसायकलला थांबवतं, ते सायकलीला सोडेल कसं?

पुढच्या आठवड्यात एका कुत्र्याला दहीभात आवडला. कुत्र्यांच्यात असलं काही मानत नाहीत. त्यानं पत्रावळ दातात धरून पट्ट्यातून ओढत ओढत थेट बद्रीनाथच्या गाडीपाशी आणली, सावलीला बसून अर्धा भात चाटला आणि बाकीचं तिथंच टाकून गेलं. त्याच वेळेला राजनंदिनी घरी येत होती. गाडीला वळसा घालायला हँडल वळवलं, तर चाकापुढं लिंबू, बिब्बा आणि टाचण्यांची बाहुली. लॅबमध्ये ती दिवसभर लोकांना सुया टोचायची. पण ही टोचणी वेगळी होती. तिनं हँडल गर्रकन फिरवलं आणि नारंगी खांबाला मिठी मारून खाली आली.

मेन रोडनं चाललेला गोकुळ आणि सांडू गाड्या टाकून धावले. घरातून बद्रीनाथ धावला. पलीकडून गुरुजी आले.

"झालं?" बद्रीनाथचा चेहरा पांढरा पडला होता. "पडली पुन्हा?"

"ती नाय पडली," यमुनाबाई मधी आली. "मी पाडली."

"आई, तू तर ओट्यावर व्हती."

"उतारा माझा हाय. रोज मीच ठिवते. ही पोरं पट्ट्यात शिरू नाय म्हणून."

गोकुळ एकदम पुढं आला.

"म्हणजे खोटा? मावशी, माझ्या आईनं कन्नडहून एसटीनं अंगारा धाडला! मी जेवणाच्या आधी लावतो रोज!"

"मी दोन्ही पायांत काळा दोरा बांधला," सांडू म्हणाला आणि पँट वर करून दाखवू लागला.

यमुनाबाई आत गेली आणि भगुनं घेऊन आली. "हे बघा, ह्यातलाच भात हाय. करणीबिरणी काय नाय." तिनं सगळ्यांदेखत घास खाल्ला. दुसरा गोकुळपुढं धरला. गोकुळनं तिच्याकडं पाहिलं, भाताकडं पाहिलं, डोळे मिटले आणि गिळला.

"काय वाटतं?" सांडूनं धास्तावून विचारलं.

"मीठ कमी हाय."

"खाणंपिणं मागून," बद्रीनाथनं सायकल उचलली. "कुणी का पाडंना, पडली ना? शब्द म्हणजे शब्द. मी चाललो भंगारवाल्याकडं."

राजनंदिनी ओढणीची धूळ झटकत उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"न्या," ती म्हणाली. "पण हातात धरून नका नेऊ. बसून न्या. भंगारवाला तिवाठ्याच्या पुढं, ह्याच पट्ट्यावर हाय. न पडता पोचलात, तर मी जन्मात सायकलीचं नाव काढणार नाय."

"मी?" बद्रीनाथ हसला. "अगं, फुलंब्रीच्या बाजारातून मी डबलसीट यायचो, पुढं कोंबड्यांची पाटी घेऊन."

"मग बसा की."

आता माघार कशी घेणार? पोरं बघत होती. बद्रीनाथनं पँट मोज्यात खोचली, पायडलवर पाय ठेवला आणि निघाला. "चला दादा, चला!" सांडू टाळ्या वाजवू लागला. बद्रीनाथनं मान ताठ केली. आपल्या गाडीला वळसा घातला. इतक्यात समोरून उलटा एक मोटरसायकलवाला आला. कोणत्या तरी दुसऱ्याच कंपनीच्या रंगाचा शर्ट, पाठीवर पिशवी. उतारा जागचा हलला होता ना. वाट मोकळी दिसली, म्हणून शिरलेला. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला गाडी. बद्रीनाथनं सायकल आत घेतली. गाडीच्या आरशाला खांदा, दाराला गुडघा, आणि बूड थेट उरलेल्या दहीभातात.

मोटरसायकलवाला "सॉरी अंकल!" म्हणत कधीच पुढं गेला. बद्रीनाथ जमिनीवरून कडाडला:

"कोणत्या गाढवानं गाडी लावलीय हितं, भर पट्ट्यात?"

सांडूनं तोंड फिरवलं. यमुनाबाईनं भगुन्यात डोकं घातलं. गुरुजींनी हेल्मेट सरळ करून गाडीच्या पाटीवर नजर टाकली.

"नंबर वाचून दाखवू का?"

बद्रीनाथनं वर पाहिलं. पांढरी गाडी. मागच्या काचेवर त्याच्याच कुलदैवताचं नाव. मग हळूच बायकोकडं पाहिलं.

"रोज अशीच वळती का तू हितनं?"

"रोज."

"आन् बोलली नाय?"

"बोलले की. तुम्ही म्हणलात, पाचच मिनटं लावलीय."

बद्रीनाथ उठला. मागचा दहीभात झटकला आणि किल्ली आणायला लंगडत आत गेला. घरामागं बोळ होता. म्हशीचा गोठा पाडल्यापासून तिथं मोडकी बाज, सिमेंटची पोती असा पसारा. सगळ्यांनी मिळून तो हलवला. गोकुळ मागं उभा राहून, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या दादा," असं ओरडत होता. गाडी आत गेली, तसा दारापुढचा पट्टा एकदम रुंद दिसू लागला, लुगडं उलगडून वाळत घातल्यासारखा.

"आम्ही पण नाय शिरणार मावशी," गोकुळ म्हणाला. "आईची शपथ."

"तू नाय. बाकीचे? तो आता दुसऱ्याच शर्टाचा गेला तो?"

"त्यांना मी सांगतो, उतारा खरा हाय म्हणून," सांडू म्हणाला. "मी शप्पथ घेईन. दोरे दाखवीन."

बद्रीनाथचा गुडघा टरारून सुजला होता. राजनंदिनीनं सायकल उभी केली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं.

"तिवाठ्यावरच्या मेडिकलमधून मलम आणते."

"थांब, मी..." म्हणत बद्रीनाथ दोन पावलं पुढं आला आणि लंगडला. भीती अजून गेली नव्हती. "जपून जा," तो शेवटी म्हणाला. मग पोरांकडं वळून, "आरं, बघता काय? आडवे व्हा की!"

गोकुळ आणि सांडूनं मोटरसायकली नेऊन तिवाठ्यावर पट्ट्याच्या तोंडाशी आडव्या लावल्या. मागनं आलेले आणखी दोघं थांबले, हॉर्न वाजवायला लागले. गोकुळच्या खिशात मोबाईल कोकलत होता. त्यानं कानाला लावला.

"व्हय साहेब, पोचतोच. नाय, नाय, जाम नाय." त्यानं मान वळवून पट्ट्याकडं पाहिलं. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात आकाशी सायकल मधोमध येत होती, कुणालाही वळसा न घालता. "आमच्या वहिनी चालल्यात साहेब. त्या गेल्या की निघालोच."